‘दाब किती होता?’ : एका हरित द्रावकाच्या वाङ्मयाची तपासणी

‘कार्बन डायऑक्साइड हा हरित द्रावक आहे.’ मराठीतल्या विज्ञानलेखांत, कंपन्यांच्या माहितीपत्रकांत आणि पर्यावरणावरच्या व्याख्यानांत हे वाक्य थोड्याफार फरकाने मला वारंवार भेटते. त्यातल्या ‘हरित’ या विशेषणाकडे मी नंतर वळणार आहे. माझा पहिला आक्षेप क्रियापदावर आहे. मराठीत ‘असणे’ आणि ‘होणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि त्यांतला फरक शाळकरी मुलालाही कळतो. पाणी द्रावक आहे, रॉकेल द्रावक आहे, टोल्युइन द्रावक आहे. बाटलीचे बूच उघडा, आत द्रावक असतोच. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो एका ठरावीक तापमानाच्या वर, पुरेशा दाबाखाली द्रावक होतो आणि दाब सोडला की पुन्हा नुसता वायू होतो. दाब आणि तापमान न सांगता त्याला द्रावक म्हणणे म्हणजे ‘साखर हा पाक आहे’ असे म्हणण्यासारखे आहे.

ही निव्वळ शब्दांची कुरापत वाटू नये म्हणून या विषयावरचे मूळ वाङ्मयच मी येथे तपासायला घेतले आहे. अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडमध्ये पॉलिमर बनवण्याविषयीचे शोधनिबंध हे एका परीने गद्याचेच नमुने आहेत. त्यांत काय सांगितले जाते, कोणत्या क्रमाने सांगितले जाते आणि काय गाळले जाते, हे एखाद्या कादंबरीइतक्याच बारकाईने वाचता येते. मी पेशाने रसायन अभियंता. नोकरीची सुरुवातीची वर्षे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका पॉलिमर कारखान्यात पाळ्या करण्यात गेली. त्यामुळे माझे वाचन निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकतो. रिअ‍ॅक्टरसमोर उभे राहिलेला माणूस शोधनिबंध हातात घेतला की आधी निष्कर्ष वाचत नाही. दाब किती होता ते शोधतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. पॉलिमर म्हणजे लहान रेणू मण्यांसारखे ओवून झालेली लांब माळ. मराठी विश्वकोशाने त्याला ‘बहुवारिक’ हा नेमका शब्द दिला, पण बाजारात ‘पॉलिमर’च चालला. ही माळ ओवताना बरीच उष्णता बाहेर पडते आणि मिश्रण घट्ट होत जाते. म्हणून बहुतेक प्रक्रियांत मधे एखादे माध्यम लागते : कुठे पाणी, कुठे पेट्रोलच्या जातीचे एखादे हायड्रोकार्बन. खाडीच्या या बाजूला हा उद्योग शहराच्या आधी आला. ट्रॉम्बेला युनियन कार्बाइडचा नॅफ्था क्रॅकर १९६६ मध्ये सुरू झाला, ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिलचा १९६८ मध्ये. सिडकोची स्थापना १९७० ची. नोसिलच्या शेजारी पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज जर्मनीच्या हेक्स्टच्या तंत्राने घट्ट जातीचे पॉलिथिलीन बनवत असे. त्या तंत्रात पॉलिथिलीनची भुकटी हायड्रोकार्बनच्या रबडीत तयार होते. मग ती गाळायची, वाळवायची, द्रावक परत मिळवायचा. या सगळ्या खटाटोपातही थोडा द्रावक हवेत जातोच. वाशीत नव्याने राहायला आलेल्या पहिल्या पिढीला शहर आधी नाकाने कळले ते उगीच नाही.

या पार्श्वभूमीवर अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडचे आकर्षण समजण्यासारखे आहे. जळत नाही, स्वस्त आहे, दुसऱ्या उद्योगातून फुकट बाहेर पडणारा वायू वापरता येतो; आणि काम झाले की झडप उघडायची, द्रावक निघून जातो, खाली कोरडी पांढरी भुकटी उरते. वाळवणी नाही, वास नाही. मलाही ही कल्पना प्रथम वाचली तेव्हा भुरळ पाडून गेली होती, आणि तिच्यातले सौंदर्य मी आजही नाकारत नाही.

‘अतिक्रांतिक’ या शब्दापाशी क्षणभर थांबू. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्ये दाखवून दिले की कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. या तापमानाला द्रव आणि वायू यांच्यातली सीमारेषा पुसली जाते. नळीतली पातळी दिसेनाशी होते. तेव्हाचा दाब सुमारे ७४ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ७३ पट. त्या बिंदूला अँड्र्यूजने जे इंग्रजी विशेषण दिले ते ‘निवाडा करणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूतून आले आहे, आणि इंग्रजीतला समीक्षकही त्याच धातूतून निघाला. मराठी परिभाषाकारांनी ‘क्रांतिक’ शब्द योजला. वाचकाला त्यात क्रांती ऐकू येते, पण धातू ‘क्रम्’ आहे : पाऊल टाकणे, ओलांडणे. संक्रांतीतला तोच. या घटनेला तो इंग्रजीपेक्षाही चांगला बसतो असे माझे मत आहे. येथे निवाडा होत नाही, उंबरठा ओलांडला जातो.

बेलफास्टमध्ये अँड्र्यूजला ३१ अंशांसाठी नळी गरम करावी लागली. नवी मुंबईत तेवढी उष्णता फुकट मिळते. बहुतेक सोसायट्यांच्या जिन्यात, मीटरच्या खोलीपाशी, कार्बन डायऑक्साइडचे लाल अग्निशामक नळकांडे टांगलेले असते. सकाळी त्यात द्रव असतो. ऑक्टोबरच्या दुपारी पारा ३३-३४ वर गेला, नळकांडे तितके तापले, की आतल्या पदार्थाला द्रवही म्हणता येत नाही आणि वायूही नाही. ज्या अवस्थेला प्रयोगशाळेत नीलमण्याची खिडकी बसवलेले पात्र लागते, ती आपल्या जिन्यात रोज दुपारी येऊन जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

उंबरठा ओलांडल्यावर पदार्थ कसा वागतो हे आकड्यांतच सांगावे लागेल, कारण सगळी गंमत आकड्यांत आहे. ४० अंशांवर ८० बार दाबाला कार्बन डायऑक्साइडची घनता एका घन सेंटिमीटरला सुमारे ०.२८ ग्रॅम असते. दाब १०० बार केला की तीच सुमारे ०.६३ होते. दाब पावपटीने वाढला आणि घनता दुपटीहून जास्त झाली. द्रावकाची विरघळवण्याची ताकद घनतेबरोबर चढते-उतरते. म्हणजे या २० बारांत आपण एक द्रावक टाकून दुसराच घेतला. ६५ अंशांवर १०० बारला घनता पाव ग्रॅमच्या जरा वर आणि २०० बारला ०.७ च्या आसपास. नाव एकच, रेणू एकच. पण ही दोन माध्यमे एकमेकांपासून बरीच दूर आहेत.

तापमानाचीही तीच गत. टोल्युइनमध्ये प्रक्रिया चालू असताना दहा अंश वाढवले तर प्रक्रिया जलद होते, टोल्युइन टोल्युइनच राहतो. येथे दाब तोच ठेवून दहा अंश वाढवले तर प्रक्रिया जलद होते आणि द्रावक पातळ होतो. बंद पात्रात वजन तेच ठेवून तापवले तर घनता टिकते, पण दाब चढतो. एक कळ दाबली की दुसरी आपोआप दबते. म्हणून ‘तापमानाचा परिणाम’ असे शीर्षक दिलेला तक्ता दिसला की मी आधी विचारतो : दाब स्थिर होता की घनता? पुष्कळ निबंधांत याचे उत्तर मिळते, पण ते तळटीपेत किंवा प्रयोगपद्धतीच्या एखाद्या अर्ध्या वाक्यात लपलेले असते.

आता ज्या निबंधाने या क्षेत्राला नाव मिळवून दिले त्याकडे वळतो. जोसेफ डिसिमोन आणि त्यांच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्लोरीनयुक्त पॉलिमर अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडमध्ये बनवता येतात हे दाखवले, आणि १९९४ मध्ये त्याच नियतकालिकात मिथाइल मेथॅक्रिलेटवरचा दुसरा निबंध आला. हे मेथॅक्रिलेट म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या पाट्यांचा कच्चा माल. दुसरा निबंध मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण सामान्य पॉलिमरांचे काय, या प्रश्नाला तो भिडतो. अडचण अशी की कार्बन डायऑक्साइडमध्ये मेथॅक्रिलेट विरघळते, पण त्याची माळ झाली की ती विरघळत नाही. काही फ्लोरीनयुक्त पॉलिमर आणि सिलिकोन सोडले तर जवळजवळ कोणतेच पॉलिमर त्यात विरघळत नाही. माळ थोडी लांबली की ती द्रावकातून बाहेर पडते, तिचे गोळे एकमेकांना चिकटतात, पात्राच्या तळाशी लगदा बसतो आणि प्रक्रिया अर्धवट राहते.

डिसिमोन यांचा उपाय साबणाचा होता. आपल्या साबणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. तसा एक रेणू त्यांनी रचला. त्याचा एक भाग मेथॅक्रिलेटच्या कणाला चिकटतो आणि दुसरा कार्बन डायऑक्साइडमध्ये शेपट्या पसरून राहतो. या शेपट्यांमुळे कण परस्परांपासून दूर राहतात. ६५ अंश आणि २०४ बारला प्रयोग झाले. साबण घातला तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक मेथॅक्रिलेटचे पॉलिमर झाले, माळेत ३००० हून अधिक मणी ओवले गेले, आणि हाती आली ती मायक्रॉनच्या मापाच्या, जवळपास एकसारख्या गोल कणांची सुटी भुकटी. साबणाशिवाय केलेल्या प्रयोगांत याच्या निम्मेही पॉलिमर मिळाले नाही.

निबंध उत्तम आहे, हे आधी म्हणतो. मांडणी घट्ट, तुलना प्रामाणिक, छायाचित्रे बोलकी. पण त्याचा सारांश वाचताना माझ्यातला पाळीवाला खटकतो. माध्यमाला पर्यावरणाच्या दृष्टीने जबाबदार म्हणणारे विशेषण सारांशात आहे. २०४ चा आकडा तिथे नाही. तो आत, प्रयोगाच्या तपशिलात आहे. निबंधलेखनाच्या रीतीनुसार यात वावगे काही नाही. सारांशात रेणूंची नावे येतात, स्थिती पोटात जाते. पण सारांश हाच पुढे प्रवास करतो. त्याच्यावरून बातमी होते, बातमीवरून लेख, लेखावरून मराठी लेख. आणि या वाटेवर २०४ बार कुठे गळाले कोणालाच कळत नाही. मराठीत पोहोचते ते वाक्य मी सुरुवातीला दिले आहे.

गळालेला आकडा किती कामाचा होता? साबणाच्या शेपट्या पसरून राहतात त्या द्रावक पुरेसा दाट आहे म्हणून. दाब खाली आला की शेपट्या आखडतात, कण चिकटू लागतात, साबण असूनही लगदा होतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड कणाच्या आतही शिरतो आणि त्याला मऊ करतो. त्यामुळे आणखी मेथॅक्रिलेट आत जाऊ शकते आणि माळ वाढत राहते. किती शिरणार, हेही दाबावर. प्रक्रिया पेटवणारे रसायन, ए.आय.बी.एन., बेंझीनमध्ये ज्या वेगाने फुटते त्याच्या सुमारे अडीच पट मंद गतीने कार्बन डायऑक्साइडमध्ये फुटते, असे त्याच गटाने १९९३ मध्ये मोजले. पण फुटलेले तुकडे पातळ माध्यमात लवकर सुटे होतात, म्हणून कामी येतात दीडपट. आणि शेवटी झडप. हळू उघडली तर भुकटी मिळते. भस्सकन उघडली तर मऊ झालेल्या कणांतून वायू फसफसत बाहेर पडतो आणि फेस होतो. एकाच कृतीतून दोन वस्तू, फरक फक्त झडपेवरच्या हाताचा.

या क्षेत्रातला मला सर्वांत आवडणारा निबंध फारसा कोणाला आठवत नाही. १९९७ चा आहे, आणि विषय आहे हेलियम. कार्बन डायऑक्साइड पंपाने नीट ओढता यावा म्हणून काही सिलिंडरांत वरून हेलियमचा दाब देऊन विकत असत. हेलियम निष्क्रिय, कोणाशी बोलत नाही, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. डिसिमोन यांच्याच प्रयोगशाळेत तपासले तेव्हा दिसले की मिश्रणात अडीच टक्क्यांच्या आसपास हेलियम असेल तर मेथॅक्रिलेटच्या कणांचा व्यास सुमारे २.६ मायक्रॉनवरून १.६ वर येतो. तोवर कोणत्या प्रयोगशाळेत कोणता सिलिंडर होता याची नोंद कोण ठेवणार? कृतीत नसलेला, यादीत नसलेला एक वायू उत्तर बदलत होता. स्वतःच्याच निष्कर्षांच्या पायाखालची फरशी उचलून पाहणारा हा निबंध आहे, आणि त्या गटाविषयीचा माझा आदर त्याने वाढला.

येथे मला दोन लेखनप्रकारांची तुलना केल्यावाचून राहवत नाही. कारखान्यात पाळीचे लॉगबुक असते. दर अर्ध्या तासाला दाब, तापमान, जॅकेटच्या पाण्याचे तापमान, ढवळणीच्या मोटरचा अँपिअर लिहायचा. मधे काही वेगळे घडले तर शेऱ्यात एक ओळ : ‘०२.१० ला ढवळणीचा आवाज बदलला. सील तपासले. ठीक.’ साहित्यदृष्ट्या हे गद्य कोणी वाचणार नाही. पण त्यात काळ असतो. शोधनिबंधात काळ नसतो. ‘६५ अंश, २०४ बार, ४ तास’ अशी एक स्थिर मूर्ती असते. प्रत्यक्षात चार तासांत आत बरेच काही घडते. मेथॅक्रिलेट संपत जाते, आणि तेही द्रावकाला हातभार लावत होते म्हणून द्रावक हळूहळू कमजोर होतो. माळ ओवली गेली की आकारमान घटते, म्हणून बंद पात्रातला दाब सरकतो. छापलेला २०४ हा आकडा पहिल्या पानाचा आहे, पुस्तकाचा नव्हे.

प्रयोगशाळेतले पात्र बहुधा चहाच्या कपाएवढे असते. कपात तयार झालेली उष्णता भिंतीतून सहज निघून जाते. पात्र मोठे करत गेले की पोट घनाने वाढते आणि भिंत वर्गाने. शिवाय २०० बार पेलायचे म्हणून भिंत जाड करावी लागते आणि जाड भिंतीतून उष्णता सावकाश जाते. मोठ्या पात्रात ढवळणीही वेगळी लागते, कारण कणांवर साबण किती लवकर आणि किती समान बसतो हे तिच्या हातात आहे. अभियंत्याला यात नवे काही नाही. पण ‘कपात झाले’ आणि ‘कारखान्यात होईल’ या दोन वाक्यांमधली दरी ज्या लेखात दिसत नाही, तो लेख मी विज्ञानलेखन मानत नाही. ती जाहिरात होय, भले लिहिणाऱ्याला कोणी पैसे दिले नसोत.

गंमत अशी की अतिक्रांतिक अवस्थेत पॉलिमर बनवणे मुळीच नवे नाही. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडात आयसीआयच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांनी एथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड १७० अंशांवर दीड-दोन हजार वातावरणांच्या दाबाखाली ठेवले आणि पात्राच्या भिंतीवर मेणासारखा पांढरा थर मिळाला. ते पॉलिथिलीन. एथिलीनचा उंबरठा ९ अंश आणि ५० बारचा. तेव्हा त्या पात्रातले एथिलीन कधीच पलीकडे गेलेले होते. प्रयोग पुन्हा केला तर कधी जमे, कधी स्फोट होई. उलगडा व्हायला डिसेंबर १९३५ उजाडला. पेरिन यांच्या गटाच्या प्रयोगात एका सांध्यातून गळती झाली, दाब टिकवायला आणखी एथिलीन सोडले, आणि त्यातून आलेल्या किंचित ऑक्सिजनने प्रक्रिया पेटवली. हेलियमची गोष्ट बासष्ट वर्षे आधी अशी घडून गेली होती. या विद्येचा आरंभच न नोंदलेल्या एका अटीतून झाला आहे.

तेच उच्च दाबाचे पॉलिथिलीन युनियन कार्बाइडने पुढे ट्रॉम्बेला बनवले. त्या जुन्या वाङ्मयाचा प्रामाणिकपणा नावातच दिसतो : ‘हाय प्रेशर पॉलिथिलीन’. स्थिती विशेषण होऊन नावापुढे बसली. तिचे तसे बसणे योग्यही होते. दाब वाढवला तर माळेला आखूड फांद्या कमी फुटतात, तापमान वाढवले तर जास्त. फांद्या जास्त तर प्लास्टिक मऊ. पातळ पिशवीचा मऊपणा म्हणजे रिअ‍ॅक्टरमधल्या त्या क्षणाच्या दाबातापमानाचीच गोठलेली नोंद आहे. आणि तापमान ३०० अंशांच्या फार वर निसटले तर एथिलीन स्वतःच फुटून काजळी, मिथेन आणि हायड्रोजन होते, हे तिथल्या माणसांना पाठ असे. त्या प्रक्रियेला कोणी हरित म्हटले नाही. एथिलीन हेच तिथे माध्यम आणि हाच कच्चा माल, म्हणजे परक्या द्रावकाचा थेंबही नाही, या निकषावर ती खरे तर म्हणवून घेऊ शकली असती.

तेव्हा ‘हरित’कडे वळू. डिसिमोन यांना १९९७ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला. मिळाला तो कार्बन डायऑक्साइडसाठी रचलेल्या साबणांसाठी. पुरस्कार समितीला मर्म बरोबर कळले होते : साबण नाही तर प्रक्रिया नाही. पण १९९४ च्या त्या साबणाची रचना पाहा. त्याच्या शेपटीच्या टोकाला सात कार्बन आणि त्यांवर पंधरा फ्लोरीन. पीएफओए या आम्लाची शेपटीही नेमकी हीच. हे आम्ल निसर्गात मोडत नाही, रक्तात साठते, आणि २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराने त्याला बंदीयोग्य रसायनांच्या यादीत घातले. १९९४ मध्ये हे चित्र आजच्याइतके स्पष्ट नव्हते. लेखकांना दोष देण्याचा हेतू नाही. पुढे सिलिकोनच्या शेपट्यांचे साबणही आले आणि चांगले चालले. पण हरित द्रावकाची कीर्ती ज्या निबंधाने पसरली त्यात द्रावक निरुपद्रवी होता आणि साबण चिवट. भुकटीवर तो साबण थोडा शिल्लक राहतोच.

ड्युपाँटने १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलला कार्बन डायऑक्साइड वापरून टेफ्लॉनच्या जातीचे पॉलिमर बनवण्याचा कारखाना उभारण्याची घोषणा केली. पाण्यातल्या जुन्या पद्धतीत पीएफओएची गरज पडे. ती येथे टळणार होती. त्याच आवारात २००२ पासून ड्युपाँटने पीएफओए स्वतः बनवायलाही सुरुवात केली, आणि त्याच आवारातून केप फिअर नदीत जाणाऱ्या जेनएक्स या भाऊबंद रसायनाची बातमी २०१७ मध्ये फुटली. नदीच्या प्रदूषणाचा दोष मी कार्बन डायऑक्साइडच्या रिअ‍ॅक्टरवर टाकत नाही. एवढेच म्हणतो की ‘हरित’ हे विशेषण एका पात्राला लावायचे की कुंपणाच्या आतल्या सगळ्याला, हे कोणीतरी आधी ठरवायला हवे.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. इटलीत व्हिचेन्झाजवळ याच जातीची रसायने बनवणारी मितेनी ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या भागातले पाणी तिच्यामुळे दूषित झाले होते. तिची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आली. त्या यंत्रांवर आता काय, कोणत्या स्थितीत बनते, हे कोकणातल्या माणसाने कोणत्या भाषेत विचारायचे?

आपल्याकडे अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइड आला तो पॉलिमरच्या नव्हे, मसाल्यांच्या वाटेने. आयआयटी मुंबईच्या ममता मुखोपाध्याय यांचा नैसर्गिक अर्कांवरचा इंग्रजी ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. त्या विषयाचा तो पायाभूत ग्रंथ आहे. अर्क काढण्याच्या वाङ्मयात दाब लपत नाही, कारण दाब हीच तिथली कृती : वरच्या दाबाला मिरीतून अर्क ओढायचा, मग दाब टप्प्याटप्प्याने उतरवत वेगवेगळे घटक खाली पाडायचे. लेखक इच्छा असूनही स्थिती गाळू शकत नाही. पॉलिमरच्या वाङ्मयाने या शेजाऱ्याकडून शिकावे असे मला वाटते.

आणि मराठी विज्ञानलेखनाने दूर जायला नको, स्वयंपाकघरापर्यंत जावे. दिवाळीचा फराळ करताना पाक ‘एकतारी’ की ‘दोनतारी’ हे सांगितल्याशिवाय मराठीत कृती पुरी होत नाही. रवालाडवाला एक, चिक्कीला दुसरा. ‘मंद आचेवर’, ‘खमंग होईतो’, ‘तीन शिट्ट्या’ : आपली भाषा स्थितीच्या शब्दांनी भरलेली आहे. कुकरमधला दाब जेमतेम २ बार आणि तापमान १२० अंश. तेवढ्यासाठीही आजी शिट्ट्या मोजून सांगते. त्याच घरातल्या नातवाने मराठीत लिहिलेल्या लेखात २०४ बार सापडत नाहीत. परिभाषा अवघड म्हणून हे झाले असे मला पटत नाही. रेणूंची अवघड नावे तर आम्ही हौसेने लिहितो. आकडा रुक्ष, नाव चटकदार, असा आमचा समज आहे.

याची किंमत वाचनालयात मोजली जात नाही. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते, त्याच्या पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. महाराष्ट्रात तो मराठीत येतो. रायगड-रत्नागिरीतले असे काही सारांश मी वाचले आहेत. उत्पादनांची नावे असतात, महिन्याला किती टन ते असते, झाडे किती लावणार ते असते, अलीकडे ‘हरित तंत्रज्ञान’ हा शब्दही असतो. रिअ‍ॅक्टर किती दाबाला, किती तापमानाला चालणार, आत एका वेळी किती माल असणार, थंड करणारे पाणी बंद पडले तर दाब किती मिनिटांत कुठवर चढेल, हे मला त्यांत आढळले नाही. इंग्रजी अहवालाच्या जाड खंडात काही ठिकाणी आढळले, जोखमीच्या प्रकरणात, परिशिष्टात. भाषांतर करणाऱ्याने सारांशाचे भाषांतर केले, आणि सारांशात स्थिती लिहायची नसते ही रीत आता आपल्याला माहीत आहे. सुनावणीला उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातात तेवढाच मराठी कागद असतो, आणि त्याला बोलायला मिळतात दोन-तीन मिनिटे.